कडप्प्याची लादी, ट्रॅक्टरची ट्यूब आणि औंढ्याचं लायगो

पैनगंगाकाठ | रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी.

मी वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या एका गावात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा सुरू होतो. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळा गावाच्या शिवारात लायगो-इंडियाची, म्हणजे गुरुत्वीय तरंग मोजणारी, वेधशाळा उभी राहायची आहे. आमच्या मुलांना औंढा माहीत आहे ते ज्योतिर्लिंगामुळे. श्रावणात घरोघरचे लोक दर्शनाला जाऊन येतात. यंदा दहावीच्या वर्गात विषय निघाला, "सर, तिकडं लेझरनं काय मोजून राहिले?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत आदळली की अवकाशात गुरुत्वीय तरंग उठतात, ते पृथ्वीवरून जाताना अंतरं किंचित ताणली-आकसली जातात, आणि तेवढा बदल लेझरनं मोजतात. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, जमीन तर रोजच हलते. ट्रक गेला तरी खिडकी वाजते. मग हललं ते ट्रकनं की ताऱ्यानं, हे कसं कळते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे वाक्य होतं, उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही करून पाहायचं ठरवलं.

दिवाळीनंतर सामान जमवायला लागलो. भंगारातल्या दोन जुन्या स्कॅनरमधून लांबट आरसे काढले. घरच्या आरशाला चांदी काचेच्या मागच्या बाजूला असते, त्यामुळे दोन-दोन प्रतिबिंबं येतात. स्कॅनरच्या आरशाला मुलामा पुढच्याच पृष्ठभागावर असतो, तोच इथे लागतो. अर्धा प्रकाश आरपार सोडणारी आणि अर्धा परतवणारी काच तेवढी विकत मागवली. लाल लेझर पॉइंटर होताच. एकाच्या घरी ओट्याची उरलेली कडप्प्याची लादी होती, ती आणली. खाली ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची ट्यूब, अर्धवट हवा भरून. ट्यूबवर लादी, लादीवर आरसे एम-सीलनं पक्के केलेले. एका किरणाचे काचेनं दोन भाग होतात, दोन्ही काटकोनात आपापल्या आरशापर्यंत जातात, परत येऊन एकमेकांत मिसळतात. मध्ये एक भिंग ठेवलं की भिंतीवर लाल-काळे पट्टे उमटतात. एका वाटेच्या लाटेचा माथा दुसऱ्या वाटेच्या माथ्यावर पडला तर उजेड, माथा दरीत पडला तर अंधार. याला व्यतिकरण म्हणतात आणि या मांडणीला व्यतिकरणमापी. मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ साली हेच केलं होतं. त्यांनी आरशांमधून प्रकाश पुन्हा पुन्हा फिरवून वाट ११ मीटरपर्यंत वाढवली होती. आमची वाट वीतभर.

तीन संध्याकाळी काहीच दिसलं नाही. नुसता लाल ठिपका थरथरायचा. चौथ्या दिवशी रात्री साडेआठला एका मुलानं आरशाचा स्क्रू केसभर फिरवला आणि भिंतीवर पट्टे आले. हाताच्या पंजाएवढ्या जागेत सात-आठ. सगळी पोरं एकदम ओरडली आणि त्या ओरडण्यानंच पट्टे पुसले गेले. सगळे गप्प झाल्यावर दहा-बारा सेकंदांनी परत आले.

मग जे झालं त्यासाठी हा धागा काढला आहे. कोणी काही सांगितलं नसताना मुलांनी वही काढली आणि "पट्टे कशानं हलले" अशी यादी करायला घेतली. दार लावलं तेव्हा हलले. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, तो दिसायच्या आधी हलले. एका वाटेखाली तळहात धरला, लादीला न लावता, तर पट्टे संथपणे एका बाजूला सरकू लागले, कारण तळहाताच्या उबेनं तिथली हवा विरळ झाली. शेजारच्या शेतातली विहिरीवरची मोटर चालू झाली की पट्टे पुसट व्हायचे, म्हणजे इतक्या भरभर हलायचे की डोळ्याला धूसर दिसायचं. ती मोटर आमच्या वर्गापासून चांगली ऐंशी-नव्वद पावलांवर आहे.

आरसा प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीइतका सरकला की एक पट्टा पूर्ण सरकतो. आमच्या लेझरसाठी ते अंतर सुमारे ३२५ नॅनोमीटर आहे. अमेरिकेत आधीपासून असलेल्या लायगोच्या आरशांमधलं अंतर, सापडलेल्या पहिल्या तरंगानं जेवढं बदललं ते याच्या आठ हजार कोटीव्या भागाच्या आसपास. हे मी फळ्यावर मांडलं तेव्हा वर्ग बराच वेळ काही बोललाच नाही.

इथे भौतिकशास्त्रवाले बरेच आहेत. मुलांच्या प्रश्नांना तुम्ही उत्तरं द्याल का? मी जशीच्या तशी वाचून दाखवीन.

स्पंदिता | रविवार, रात्री ११:०५

सर, भिंतीवरच्या पट्ट्यांचा फोटो टाका. मी नागपूरला पीएचडी करते, गुरुत्वीय तरंगांच्या डेटावरच काम आहे, पण व्यतिकरणमापी स्वतःच्या हातानं मांडायची वेळ माझ्यावर आजवर आलेली नाही.

शेवटच्या बाकावरच्या मुलीला सांगा की तिनं विचारलेला प्रश्न हाच या क्षेत्रातला मुख्य प्रश्न आहे. लायगोची निम्म्याहून जास्त मेहनत तरंग पकडण्यात जात नाही, बाकीचं सगळं शांत करण्यात जाते. आरसा ४० किलोचा, शुद्ध सिलिका काचेचा, ३४ सेंटीमीटर व्यासाचा. सिमेंटच्या पोत्यापेक्षा दहा किलो कमी, एवढं वजन. ते ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्याच चार तंतूंवर टांगलेलं असतं. वर आणखी तीन वजनं, एकाखाली एक, म्हणजे चार मजली लंबक. वरचा लंबक जमिनीचा धक्का खातो, उरलेला दुसरा खातो, तळाच्या आरशापर्यंत जवळपास काही पोचत नाही. तुमची ट्रॅक्टरची ट्यूब तेच काम करते आहे.

तळहाताच्या उबेनं पट्टे सरकले ना? म्हणूनच त्या ४-४ किलोमीटरच्या नळ्यांमधून हवा काढून टाकतात. आत उरतो तो वातावरणाच्या दाबाचा एक लाख कोटीवा भाग.

आणि ट्रक की तारा? एका ठिकाणी बसून ते खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून अमेरिकेत दोन यंत्रं आहेत, एक वायव्येला हॅनफर्डला, दुसरं दक्षिणेला लिव्हिंगस्टनला, मध्ये ३००० किलोमीटर. हॅनफर्डचा ट्रक लिव्हिंगस्टनला जाणवत नाही. तारा दोन्हीकडे जाणवतो. हे अंतर कापायला प्रकाशाला १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे खरा तरंग असेल तर दोन नोंदींत त्याहून जास्त फरक असूच शकत नाही. १४ सप्टेंबर २०१५ चा पहिला तरंग लिव्हिंगस्टनला आधी आला आणि साधारण ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला.

वऱ्हाडी_कास्तकार | सोमवार, सकाळी ६:४०

मास्तर, रात्री पाणी द्याले गेलो होतो, मोबाईलवर तुमचा धागा वाचला. मोटरचं लिवलं ते खरं हाय. आमच्याकडं लाईन रात्रीच येते, तवा तुमच्या शेजाऱ्याची मोटरही रात्रीच चालणार. तो वेळापत्रकानं पाणी देत असंन तर त्याले इचारून पाहा, आठवड्यात कोणत्या दिवशी दिवसाची लाईन हाय. त्या रात्री मोटर बंद राहीन. तवा करा प्रयोग.

आता माझं म्हणणं. राग मानू नका. २६०० कोटी मंजूर झाले म्हणतात या वेधशाळेले. आमच्या मेहकरकडं सोयाबीनले भाव नाई, शेततळ्याचं अनुदान तीन वर्षं झाले अडकून पडलं. १३० कोटी प्रकाशवर्षं दूर काय आदळलं हे कळून माह्या पोराचं काय होते? मी खरंच इचारून रायलो. पोरगा बारावी सायन्सले हाय, तो म्हणते बाबा हे मोठं काम हाय. मले समजून घ्याचं हाय.

लेव्हलवाला | सोमवार, सकाळी ९:१५

मी सिव्हिलचा. समृद्धी महामार्गावर वाशीमच्या पट्ट्यात दोन वर्षं लेव्हलिंग केलं आहे. सर, ४ किलोमीटरची नळी सरळ म्हणजे कशी सरळ? जमिनीला समांतर नेली तर पृथ्वीच्या गोलाईनं ती वाकणार. प्रकाश वाकत नाही.

स्पंदिता | सोमवार, सकाळी १०:३०

@लेव्हलवाला, अगदी बरोबर पकडलंत. ४ किलोमीटरमध्ये पृथ्वीची गोलाई सव्वा मीटरच्या आसपास भरते. म्हणून नळीचा पाया काँक्रीटनं असा भरून घ्यावा लागतो की नळी पाणसळीला न राहता प्रकाशाच्या रेषेत राहील. दोन टोकांचे ओळंबेही एकमेकांना समांतर नसतात, कारण दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे बघतात. टांगलेल्या आरशांना तो फरकही सांभाळून घ्यावा लागतो.

@वऱ्हाडी_कास्तकार काका, तुमच्या प्रश्नाला घाईत उत्तर देणार नाही. संध्याकाळी लिहिते.

कळमनुरीची_लेक | सोमवार, दुपारी १:५०

माझं माहेर कळमनुरी, सासर पुसद. या धाग्यावर तिकडचं कोणी दिसलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या भागात जमीन हलते हे आम्हाला पुस्तकातून कळलेलं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आणि नंतर जुलैमध्ये हिंगोली-नांदेड पट्ट्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. जुलैचा सकाळी सात-सव्वासातला. मी माहेरीच होते. आई पोळ्या लाटत होती, पोळपाटाखालचा ओटाच सरकल्यासारखा झाला. मग अशा ठिकाणी इतकं नाजूक यंत्र का आणायचं, हा माझा साधा प्रश्न आहे. वस्तीपासून, रेल्वेपासून दूर आणि शांत जागा म्हणून ती निवडली असं वाचलं आहे. अकोला-पूर्णा लाईन हिंगोलीवरून जाते हे तर मला माहीतच आहे, माहेरी जायला तीच गाडी.

स्पंदिता | सोमवार, रात्री ८:४५

@कळमनुरीची_लेक ताई, भूकंप अधूनमधून येतो आणि यंत्राला तो लगेच ओळखू येतो. तेवढा वेळ निरीक्षण थांबतं, आरसे शांत झाले की पुन्हा सुरू होतं. जगात कुठेही मोठा भूकंप झाला की अमेरिकेतल्या लायगोचं असंच होतं. दक्षिण अमेरिकेतला धक्का हॅनफर्डला पोचतो. जास्त त्रास होतो तो रोजच्या, बारीक, न थांबणाऱ्या थरथरीचा: रेल्वे, जड वाहनं, कारखाने, समुद्राच्या लाटांनी किनाऱ्याला दिलेले धक्के. औंढा दोन्ही किनाऱ्यांपासून लांब आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. लिव्हिंगस्टनला जवळून जाणाऱ्या मालगाड्यांनी आणि जंगलतोडीनं खूप सतावलं आहे. ४.५ चा धक्का जवळच झाला तर आरसे आणि तंतू सुरक्षित राहावेत म्हणून टांगणीला अडथळे असतात, आरसा ठराविक अंतरापलीकडे झोकांडूच शकत नाही.

आता कास्तकार काका. तुमच्या शेततळ्याचं अडकलेलं अनुदान हा एक हक्काचा प्रश्न आहे आणि वेधशाळा झाली काय, न झाली काय, तो तसाच राहतो. म्हणून "या पैशातून ते झालं असतं" या हिशोबात मी शिरत नाही. आणि "यातून पुढे काहीतरी उपयोगी निघेल" असंही सांगून तुमची समजूत काढणार नाही, जरी निर्वात नळ्या, लेझर, कंपन रोखणं ही कामं इंदूरला आणि गांधीनगरला आपल्याच संस्थांमध्ये शिकली जात आहेत.

माझ्या मनातलं सांगते. माझे आजोबा वर्धा जिल्ह्यात कापूस पिकवायचे. त्यांना नक्षत्रं तोंडपाठ होती, मृग कधी लागतो, हस्त कधी बरसतो. ते आकाशाकडे पोटासाठी बघत होते आणि नुसतं बघायचं म्हणूनही बघत होते, दोन्ही एकाच वेळी. तुमचा मुलगा "मोठं काम आहे" म्हणतो तेव्हा तो त्यातलं दुसरं बघणं मागतो आहे. त्याला ते मिळावं असं मला फार वाटतं. तो बारावीनंतर काय करणार आहे? मला कळवा, काही मदत लागली तर करते.

जुना_सदस्य | सोमवार, रात्री ९:३०

मला एक शंका आहे, जरा कडक वाटेल. लायगोनं प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाएवढी हालचाल मोजली म्हणतात. ती गोंगाटातून संगणकानं काढली. संगणकाला जे शोधायला सांगितलं तेच तो शोधून देणार. १९६९ मध्ये जोसेफ वेबर यांनीही अॅल्युमिनियमचे मोठाले दंडगोल टांगून तरंग सापडल्याचं जाहीर केलं होतं. इतरांना ते कधी सापडले नाहीत. मग या वेळी विश्वास का ठेवायचा?

पैनगंगाकाठ | सोमवार, रात्री १०:१०

@जुना_सदस्य, ही शंका मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. माझ्या वाचनात आलेली एक गोष्ट सांगतो, चुकत असेल तर स्पंदिताताई दुरुस्त करतील.

सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या जुन्या यंत्रात एक सुंदर संकेत दिसला. दिशा श्वान तारकासमूहाकडची, म्हणून त्याचं नाव पडलं "बिग डॉग". सहा महिने शेकडो शास्त्रज्ञांनी तो तपासला, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं आणि कळलं की मोजक्या दोन-तीन जणांनी मुद्दाम, गुपचूप आरसे हलवून तो खोटा संकेत घुसवला होता. आपली माणसं गोंगाट आणि संकेत यातला फरक ओळखतात का, ओळखल्यावर उतावीळ होतात का, हे पाहण्यासाठी. सहा महिन्यांचं काम गेलं आणि कोणी त्याला वाया गेलं म्हटलं नाही.

हे वाचल्यापासून मी शाळेत प्रयोगवही तपासताना "अपेक्षित उत्तर आलं" म्हणून बरोबरची खूण करणं सोडलं आहे.

स्पंदिता | सोमवार, रात्री ११:४०

सर, तंतोतंत बरोबर.

@जुना_सदस्य, तुमच्या "जे शोधायला सांगितलं तेच सापडणार" या मुद्द्यावर थोडं लांब लिहिते, कारण यातल्या कामाचा मोठा भाग भारतात झालेला आहे.

पोळ्याच्या तोरणाखाली शंभर जोड्या उभ्या असतात. ढोल, झडत्या म्हणणारे, पोरांचा कालवा. तरी धन्याला आपल्या बैलाची घागरमाळ ओळखू येते, कारण तिचा नाद त्याच्या कानात आधीच बसलेला असतो. इथेही तसंच. दोन कृष्णविवरं आदळताना लाट कशी दिसेल याचे आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून हजारो साचे आधी तयार करतात आणि प्रत्येक साचा डेटावरून सरकवत नेऊन कुठे जुळतो ते बघतात. या पद्धतीची पायाभरणी संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत केली. साचे अचूक होण्यासाठी लागणारं गणित बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलं.

पण पहिला तरंग साच्यांशिवाय चालणाऱ्या प्रणालीनंच आधी पकडला. ती फक्त एवढंच बघते की दोन्हीकडे एकाच वेळी, एकाच आकाराचं काही उसळलं का. भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटं. सोमवार होता, गणपती तीन दिवसांवर आले होते. यंत्राची अधिकृत निरीक्षणं सुरूसुद्धा व्हायची होती. सेकंदाच्या पाचव्या भागात लाटेची वारंवारता ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढली आणि संपली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं मिळून ६२ पटीचं एक झालं. बेरीज ६५ यायला हवी होती. उरलेले तीन सूर्य तरंग होऊन निघून गेले. सर, हा आवाज मुलांना ऐकवा. आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच आहे.

लेव्हलवाला | मंगळवार, सकाळी ८:०५

एक खटकतं आहे. अवकाशच ताणलं तर त्यातला प्रकाशही ताणला जाणार. पट्टी आणि कापड दोन्ही एकदम ताणलं तर मापात फरक कसा पडेल?

स्पंदिता | मंगळवार, सकाळी ९:२०

यावर जाणते लोकही अडखळतात. शेताच्या कोपऱ्यावर उभं राहून दोन सारख्याच वेगाच्या पोरांना दोन धुऱ्यांवरून पळायला सोडा, टोकाला शिवून परत यायचं. दर सेकंदाला नवी जोडी सोडत राहा. धुरे सारखे असतील तर जोडीतले दोघं बरोबर येतील. आता पूर्वेचा धुरा हळूहळू लांब होतो आहे आणि उत्तरेचा आखूड. मध्येच असलेल्या पोराचं काय झालं हा प्रश्न सोडून द्या. त्यानंतर पूर्वेला सुटलेल्या प्रत्येक पोराला जास्त पळावं लागणार आणि तो उशिरा येणार, कारण त्याचा वेग ठरलेला आहे.

प्रकाशाचंही तसंच. लेझर कोपऱ्यावरून सतत नवा प्रकाश सोडतो. तो नळीत सुमारे ३०० फेऱ्या मारतो, म्हणजे ४ किलोमीटरची वाट १२०० किलोमीटरसारखी वागते, तरी त्याला काही मिलिसेकंदच लागतात. आपण पट्टीनं अंतर मोजत नाही, दोघं किती वेळानं परत आले ते मोजतो.

जुना_सदस्य | मंगळवार, दुपारी १२:३०

बिग डॉगची गोष्ट मला ठाऊक नव्हती. धन्यवाद सर. आता पुढचा प्रश्न. "आइन्स्टाइन पुन्हा बरोबर ठरला" अशा बातम्या येतात. साचे त्याच्याच समीकरणांचे, मग त्याचीच परीक्षा त्यानंच दिल्यासारखं नाही का? डॉ. जयंत नारळीकरांनी हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला होता. इतरांनीही मांडले आहेत. त्यांना संधी मिळते का?

स्पंदिता | मंगळवार, रात्री १०:१५

मिळते, आणि माझं रोजचं काम तेच आहे. इथे जरा रेंगाळते.

पहिली रीत: साचा डेटातून वजा करा. साचा बरोबर असेल तर उरतो तो निव्वळ गोंगाट. काहीही आकार शिल्लक राहिला तर सिद्धांतात खोट आहे. आजवर दोनशेच्या वर तरंग सापडले आहेत, तसा आकार शिल्लक राहिलेला दिसला नाही.

दुसरी: गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या कणाला थोडंही वस्तुमान असेल तर कमी वारंवारतेच्या लाटा मागे पडतील आणि १३० कोटी वर्षांच्या प्रवासात लाटेचा आकार विस्कटेल. तो विस्कटलेला नाही. त्यावरून त्या वस्तुमानाला फार खाली मर्यादा घालता आली.

तिसरी मला सगळ्यात आवडते. १७ ऑगस्ट २०१७. या वेळी कृष्णविवरं नव्हती, दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिशय घट्ट गोळे, होते, एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर. गुरुत्वीय तरंग संपला आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला त्याच दिशेनं गॅमा किरणं दिसली. मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तिथे तयार होत असल्याच्या खुणा दिसल्या. सर, मुलांकडून हा भागाकार करून घ्या: १३ कोटी वर्षांचे सेकंद काढा आणि १.७ ला त्यानं भागा. दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं येतात, मग पहिला अंक. ती १.७ सेकंदं प्रवासातली की किरणं निघायलाच तेवढा उशीर झाला हे माहीत नाही, त्यामुळे शास्त्रज्ञांनी मर्यादा थोडी सैल धरली आहे. तरीही गुरुत्वाकर्षणाचा वेग आणि प्रकाशाचा वेग यात जाणवण्याजोगा फरक मागणारे कितीतरी सिद्धांत त्या एका दिवसानंतर मागे घ्यावे लागले. त्यावर वर्षं घालवलेली माणसं होती. त्यांनी स्वतःच निबंध लिहून सांगितलं की आमचा सिद्धांत टिकत नाही.

चौथी: घंटा. दोन कृष्णविवरं एक झाली की नवं कृष्णविवर टोल दिलेल्या घंटेसारखं नादतं आणि शांत होतं. हे १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी कागदावर दाखवलं. तरंग प्रत्यक्ष पकडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ची. ते २०१७ च्या जानेवारीत गेले, म्हणजे त्यांना हे पाहायला मिळालं. याचं मला फार बरं वाटतं.

१४ जानेवारी २०२५ ला, संक्रांतीच्या दिवशी, आजवरचा सगळ्यात स्पष्ट तरंग आला. त्यात घंटेचे दोन सूर वेगळे ओळखता आले. हॉकिंग यांनी १९७१ मध्ये म्हटलं होतं की कृष्णविवरांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ कधीच घटत नाही. आदळण्याआधी दोघांचं मिळून २,४०,००० चौरस किलोमीटर होतं, नंतर एकाचं सुमारे ४,००,०००. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे आधी दोन्ही मिळून महाराष्ट्रात मावत होती, नंतर एक मावेना.

नारळीकर सरांबद्दल एवढंच म्हणेन: आयुका त्यांनी उभी केली, आणि लायगो-इंडियाचं काम चालवणाऱ्या संस्थांत आयुका आहे. प्रचलित मताला प्रश्न विचारत राहणाऱ्या माणसानं उभारलेल्या घरात ही परीक्षा घेण्याची तयारी होते आहे.

वऱ्हाडी_कास्तकार | बुधवार, सकाळी ७:१०

ताई, पोराले वाचून दाखवलं. त्याले भौतिकशास्त्रच घ्याचं हाय म्हणते. तुमाले मेसेज करीन.

ते सिद्धांत मागं घेतल्याचं वाचून मी थांबलो. आमच्यात कोणी म्हणत नाई की माहं चुकलं. मास्तर, औंढ्याले यंत्र झालं की आपल्या लाईनचा गुणगुणाटही त्यात येईन काय?

स्पंदिता | बुधवार, सकाळी ९:००

येणार काका. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, म्हणून त्यांच्या डेटात ६० वर कायम एक उंच सुळका दिसतो. आपल्याकडे तो ५० वर दिसेल. हॅनफर्डला तर एकदा असा गोंगाट सापडला की कशाचा ते कळेना. बाहेर जाऊन पाहिलं तर थंड नायट्रोजनच्या पाइपवर बर्फ साचला होता आणि डोमकावळे तहान भागवायला त्यावर चोची मारत होते. बर्फावर चोचीच्या खुणा होत्या. पाइप झाकून घेतले, गोंगाट गेला.

आणि औंढ्याचं यंत्र हवं आहे ते दिशेसाठी. दोनच ठिकाणांहून ऐकलं तर आकाशाचा मोठा पट्टा संशयित राहतो. युरोपातलं व्हर्गो आणि जपानमधलं काग्रा, दोन्ही ३-३ किलोमीटरची, मदत करतात. पण औंढ्याइतक्या लांबून कान लागला तर दुर्बिणींना नेमकी जागा सांगता येईल.

पैनगंगाकाठ | शुक्रवार, रात्री ११:१५

काल शेजाऱ्यांना विचारलं. गुरुवारी त्यांना दिवसाची लाईन असते, रात्री मोटर बंद. कास्तकार भाऊ, तुमचं म्हणणं कामाला आलं. रात्री नऊला बसलो, अकरा मुलं आणि मी. दार बंद, पंखा बंद, सगळे भिंतीला टेकून. पट्टे इतके स्थिर राहिले की भिंतीवर रंगवल्यासारखे.

तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "सर, काहीच हलत नाही. मग यंत्र चालू आहे की बंद पडलं, कसं कळणार?"

मी फोनवर स्पंदिताताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की लायगोत दुसरा एक लेझर आरशावर मारतात. प्रकाशाचाही दाब असतो, अगदी इवलासा. त्या माहीत असलेल्या दाबानं आरसा किती हलायला हवा हे आधी ठरलेलं असतं, आणि यंत्रानं तेवढंच दाखवलं तर ते जिवंत आहे आणि खरं बोलतं आहे असं धरतात.

मग आम्ही किराणा दुकानातून मागून आणलेलं पावकिलोचं वजन घेतलं. मुलीनं ते दोन बोटांत धरून, श्वास रोखून, लादीच्या एका टोकाला ठेवलं. पट्टे थरथरले, शांत झाले, आणि आधीच्या जागेपासून साधारण एका पट्ट्याच्या अंतरावर जाऊन थांबले. वजन उचललं, पट्टे परत आले. पाच वेळा केलं. चार वेळा परत त्याच खुणेवर आले, एकदा अर्धा पट्टा चुकला. चुकलेली नोंद तिनं खोडली नाही, पुढे लिहिलं: "या वेळी कुत्रं भुंकलं होतं."

पुढच्या गुरुवारी अर्धा किलो आणि एक किलो ठेवून बघणार आहोत. कोणाकडे बिघडलेला स्कॅनर पडून असेल तर कळवा, रिसोडच्या एसटीनं पाठवला तरी चालेल. आरसा काढायचा झाला तर कडेनंच धरा. पुढच्या बाजूला बोट लागलं की मुलामा निघतो, पुसूनही येत नाही.